पहिला ट्रम्पेट जुना घेतलास तरी चालेल
बजेट कमी असेल तर अगदी स्वस्त, रंगीबेरंगी नव्या ट्रम्पेटच्या वाटेला जाऊ नकोस. त्यांचे व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, अडकायला लागले की शिकण्याचा उत्साहच जातो. त्यापेक्षा यामाहा वायटीआर-२३३५ सारखं विद्यार्थ्यांसाठीचं मॉडेल जुनं घे, बी-फ्लॅट या नेहमीच्या सुरातलंच.

तिन्ही व्हॉल्व्ह दाबून बघ, झटकन वर यायला हवेत. मग व्हॉल्व्ह न दाबता दुसऱ्या व्हॉल्व्हची छोटी स्लाइड (सरकणारी वळलेली नळी) ओढून काढ. ‘फट्’ असा आवाज आला तर हवा गळत नाही, व्हॉल्व्ह फारसे झिजलेले नाहीत. बाकीच्या स्लाइडही हलायला हव्यात. बेलवरचा (पुढच्या रुंद तोंडावरचा) बारीकसा पोचा, उडालेलं लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत थर, चालतं. लीडपाइपवर (तोंडाकडच्या पहिल्या नळीवर) लालसर ठिपके दिसले मात्र सोडून दे, तिथलं पितळ आतून खाल्लं जात असतं. आणि ७सी मापाचा माउथपीस (ओठ लावायचा भाग), व्हॉल्व्ह ऑइल यांसाठी पैसे आधीच बाजूला ठेव.