काटे काढून टाकू नका

प्रश्न : ताई, माझे दीर मस्कतहून सुट्टीवर आले तेव्हा तारलीचे (सार्डिन माशाचे) आठ डबे घेऊन आले. मुलगा सात वर्षांचा आहे, काट्याच्या भीतीने मासा तोंडातच घेत नाही. सासूबाई म्हणतात, डब्यातलं म्हणजे शिळं, त्यात काय सत्त्व राहणार? डबे कपाटात तसेच पडून आहेत. मुलाला देऊ का?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : द्या, अगदी निर्धास्तपणे द्या. सासूबाईंची शंका मला परकी नाही. माझं माहेर रत्नागिरीचं. सकाळी होडीतून उतरलेली तारली दुपारी ताटात, अशा घरात मी वाढले. लग्न होऊन नाशिकला आल्यावर कितीतरी वर्षं डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण इथे आपण आणतो ती समुद्राची मासळी बर्फातून कसारा घाट चढून येते. ती पाण्याबाहेर येऊन किती दिवस झाले, हे विकणाऱ्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. डब्यातली तारली आधी डब्यात भरतात, झाकण घट्ट बंद करतात आणि मग डब्यासकट वाफेच्या दाबाखाली साधारण ११५ ते १२० अंशांवर शिजवतात. आपल्या कुकरचंच तत्त्व. आतले जंतू मरतात, बाहेरचे शिरू शकत नाहीत, म्हणून ती टिकते. शिळं अन्न वेगळं आणि हे वेगळं, एवढं सासूबाईंना सांगा.

या उष्णतेत बी-१ सारखं एखादं जीवनसत्त्व कमी होतं. बाकीचं बहुतेक राहतं. तेल निथळलेल्या १०० ग्रॅम तारलीत साधारण २४ ग्रॅम प्रथिनं, एक ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ ही उपयोगी चरबी, थोडं ड जीवनसत्त्व आणि जवळजवळ ९ मायक्रोग्रॅम बी-१२ मिळतं. मोठ्या माणसाची बी-१२ ची रोजची गरज दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅमची. यातलं डीएचए हे ओमेगा-३ मेंदूच्या आणि डोळ्याच्या पडद्याच्या घडणीत लागतं, म्हणून वाढत्या मुलांसाठी मी त्याचा इतका आग्रह धरते.

आता काट्याचं. माझ्याकडे येणाऱ्या आया डबा उघडला की पहिल्यांदा मधला काटा काढून टाकतात. मला फार वाईट वाटतं, कारण १०० ग्रॅममागे जे ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ते बहुतांशी त्या काट्यातच असतं. एकदा मुलाला शेजारी बसवा. एक तारली बशीत घ्या, चमच्याने उभी उघडा. मधला काटा बारीक मण्यांच्या माळेसारखा दिसेल. त्यातला एक मणी त्याच्या बोटांत द्या आणि दाबायला सांगा. ओल्या खडूसारखा भुगा होतो. तो भुगा स्वतःच्या बोटांनी केला, की मुलाची भीती निम्मी ओसरते. सात वर्षांच्या मुलाला दिवसाला ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. काट्यासकट ५०-६० ग्रॅम तारली खाल्ली तर त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा भागला.

तारली काट्यासकट कुस्करा, त्यात एक उकडलेला बटाटा, बारीक चिरलेला कांदा, आलं-लसूण, कोथिंबीर आणि दोन आमसुलांचं पाणी घाला. थोडं तांदळाचं पीठ लावून तव्यावर टिक्क्या परता. मीठ घालू नका, डब्यात असतंच. आठवड्यातून दोनदा पुरे. पहिल्यांदा अगदी थोडं द्या आणि अंगावर पित्त उठतंय का, ओठ सुजतात का ते पाहा. माशाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला डब्यातला मासाही चालत नाही.

डबा फुगलेला असेल तर घेऊ नका, घरात असेल तर चाखूनसुद्धा न बघता टाका. मागे एका दुकानात मला झाकण वर आलेला डबा दिला. बदलून मागितला तर ‘दाबा, बसेल खाली’ असं उत्तर मिळालं. आत जंतूंनी वायू केला की झाकण फुगतं, आणि तसलं अन्न जिवावर बेतू शकतं. उघडल्यावर उरलेली तारली काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा.

प्रश्न : वय ६४. रक्तदाब आहे, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी) वाढलेत. मित्र म्हणतो, रोज ट्यूनाचा एक डबा खा, गोळी लागणार नाही.
– एक निवृत्त वाचक, नाशिकरोड

उत्तर : काका, गोळी बंद करू नका. ओमेगा-३ ने ट्रायग्लिसराइड्स उतरतात हे खरं, पण त्यासाठी रोज दोन ते चार ग्रॅम लागतं, म्हणजे ते औषधाच्या मात्रेत आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचं. शिवाय डब्यातला ट्यूना तेलकट माशांत धरतच नाहीत. प्रथिनं उत्तम, पण ओमेगा-३ तारलीच्या जेमतेम पाव हिस्सा. मोठा मासा असल्याने त्यात पाराही जास्त साठतो. आठवड्यातून दोनदा तारली किंवा बांगडा घ्या. लेबलवरचा सोडियमचा आकडा अडीचने गुणा, तेवढं मीठ पोटात जातं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ, आणि दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमची. मिठाच्या पाण्यातला डबा असेल तर मासे चाळणीत घेऊन साध्या पाण्याखाली धुवा. युरिक अ‍ॅसिड वाढून पायाचा अंगठा सुजत असेल तर मात्र तारली-बांगड्यापासून लांब राहा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. जवसाची चटणी रोज खाल्ली तर मुलांना तेच मिळेल ना?
– पंचवटीतून एक आजी

उत्तर : चटणी जरूर खा, आजी, पण तेच मिळत नाही. जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं, आणि शरीर त्याचं डीएचए फारच थोडं बनवतं. शेवाळापासून काढलेल्या डीएचएच्या शाकाहारी कॅप्सूल मिळतात, त्याविषयी मुलांच्या डॉक्टरांना विचारा. आणि त्याच भेटीत नातवंडांचं बी-१२ तपासून घ्या. जवसात ते मुळीच नसतं.