शेपूट हलवणारा कुत्रा चावू कसा शकतो? कुत्र्याचा राग ओळखायचा कसा?

शकतो. माझ्या डाव्या मनगटावर खूण आहे. आणि चूक कुत्र्याची नव्हती, हे मी सहा वर्षं घरच्यांना सांगतोय.

आमचा मोत्या जेवताना कोणी जवळ गेलं की गुरगुरायचा. बस, एवढंच. दादाला ते खपायचं नाही. "खाल्ल्या मिठाला जागत नाही" म्हणत तो पेपरची गुंडाळी करून त्याच्या नाकावर हाणायचा. महिनाभरात गुरगुरणं बंद. दादा आल्यागेल्याला सांगत सुटला, कसा सुधारला बघा. सुधारला कसला! राग होता तिथेच होता, तोंड दाबून ठेवलं होतं.

मग एका दुपारी त्याच्या ताटलीजवळ सांडलेलं पाणी पुसायला मी वाकलो. मोत्या खायचा थांबला. तोंड ताटलीतच, अंग लाकडासारखं कडक. मान न वळवता डोळे तेवढे माझ्याकडे, कडेला पांढरी कोर दिसत होती. शेपूट हलत होतं, पण उंच, ताठ, नुसतं थरथरल्यासारखं. मी मूर्खाने शेपूट तेवढं पाहिलं आणि "काय रे?" म्हणत हात पुढे केला.

पंधरा मिनिटं साबण लावून हात नळाखाली धरला, रेबीजची इंजेक्शनं घेतली. आणि दादाचा निकाल काय, तर "अचानक चावला." अचानक! महिनाभर मार खाऊन गप्प बसलेला प्राणी आणि म्हणे अचानक.

तर शेपूट हललं म्हणजे कुत्रा उत्तेजित झालाय, एवढंच समजा. खुशीत ते सैल हलतं, कंबरेसकट. इटलीतल्या संशोधकांनी 2007 मध्ये 30 कुत्र्यांवर पाहिलं, तर मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकत होतं आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. पण समोर कुत्रा उभा असताना डावं-उजवं कोण मोजत बसणार? अंग सैल आहे की ताठ, ते बघा. घाबरलेला कुत्रा कान मागे पाडतो, शेपूट पायांत घालतो, समोर खायला काही नसताना ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभया देतो. त्या जांभईला लोक कंटाळा समजतात आणि आणखी लाड करायला जातात.

आणि "चूक कळते त्याला, तोंड बघ कसं केलंय" हे दादाचं दुसरं पालुपद. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये 14 कुत्र्यांवर हेच तपासलं. मालक रागावला की ते अपराधी तोंड व्हायचं, मग कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्लेला असो वा नसो. दादाला वाचून दाखवलं. म्हणाला, "आपला मोत्या होता का त्यात?"

हो, एक राहिलं. रस्सीखेच खेळतानाही कुत्रे गुरगुरतात, तो राग नव्हे. शेपूट मुळातच वळलेलं किंवा कापलेलं असेल तर त्यावरून फारसं कळत नाही. आणि शांत कुत्रा एकाएकी अंगावर येऊ लागला तर कान, दात, सांधे दुखत असतील. आधी डॉक्टरला दाखवा.

हल्ली मी लांबूनच मोत्याच्या ताटलीकडे काहीतरी आवडीचं टाकतो आणि मागे फिरतो. परवा दादा त्या बाजूने गेला तर बारीक गुरगुरला. मी दादाला म्हटलं, पेपर खाली ठेव.