मंचला जाताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ३१ वर्षांची, डोंबिवलीला राहते. बीडीएसएमच्या, म्हणजे संमतीने बांधणं, हुकूम देणं-पाळणं अशा खेळांच्या, मुंबईतल्या एका गटाकडून ‘मंच’चं (इंग्रजी munch, नुसत्या ओळखीची भेट) बोलावणं आलंय, शनिवारी संध्याकाळी, दादरच्या कॅफेत. काय घालायचं, काय सांभाळायचं? संयोजकाने आधार कार्डाचा फोटो मागितलाय.

उत्तर : फोटो पाठवू नका. तुम्ही अठराच्या वर आहात, एवढंच त्यांना बघायचं असतं. ते समोरासमोर, फोटो आणि जन्मवर्ष सोडून बाकीचं अंगठ्याने झाकूनही दाखवता येतं. तरीही हट्ट धरला, तर ती भेट सोडून द्या.

मंच म्हणजे चहा-कॉफीवरच्या गप्पा. तिथे दोरी किंवा पट्टा पिशवीतून बाहेर निघत नाही. एरवी कॅफेत जाता त्याच कपड्यांत जा. शनिवारी दादरला टेबलं खेटून लागलेली असतात आणि शेजारी कुणाची तरी आत्या बसलेली असते, म्हणून आवाज टेबलापुरता ठेवायचा. शेजारच्यांनी या गप्पांना संमती दिलेली नसते.

टोपणनाव चालतं. पण ते फुटतं बिलाच्या वेळी. टीटीएमएम ठरतं, सगळे एकाच्या यूपीआयवर पैसे टाकतात आणि बँकेतलं नाव आडनावासकट त्याच्या स्क्रीनवर उमटतं. म्हणून सुट्ट्या नोटा जवळ ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात नंबर सगळ्यांना दिसतो. टेलिग्रामवर यूझरनेम घेऊन तो लपवता येतो. फोटो अजिबात काढायचे नाहीत, सँडविचचाही नाही; मागच्या खुर्चीतला चेहरा त्यात हमखास येतो.

परतीची लोकल आधी बघून ठेवा, कॅफेचं नाव एका मैत्रिणीला सांगा. ‘घर जवळच आहे, चल’ असं कुणी म्हणालं, तर पहिल्या दिवशी नाहीच.

प्रश्न : मी अंधेरीचा, वय ३६. मंचमध्ये एक बाई डॉमिनंट, म्हणजे खेळात हुकूम देणारी, असल्याचं कळलं. मी त्यांना ‘मॅडम, मला सेवेत घ्या’ म्हणालो, रात्री चार-पाच मेसेजही केले. संयोजकाने पुढच्या वेळी येऊ नका म्हणून कळवलं. मी तर अदबीनेच वागलो होतो!

उत्तर : अदब होती, विचारणा नव्हती. त्या डॉमिनंट आहेत, पण तुमच्या नव्हेत. ‘मॅडम’ म्हणत तुम्ही त्यांना चारचौघांत, न विचारता खेळात ओढलंत. ‘याविषयी तुमच्याशी बोललं तर चालेल का?’ असं एकदाच विचारायचं असतं. उत्तर आलं नाही, तर तो नकार समजायचा. संयोजकाकडे दोन ओळींत माफी मागा. त्या बाईंना मात्र माफीचाही मेसेज नको.

पुढे कधी कुणी होकार दिला, तर खेळाआधी, दारू न घेता, बसून बोला : काय चालेल, काय मुळीच नाही, दमा, मधुमेह, खांद्याचं जुनं दुखणं. ‘रेड’ म्हणजे लगेच थांबणं, ‘यलो’ म्हणजे सावकाश, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तोंड बांधलेलं असेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा द्या. तो पडला की थांबायचं.

प्रश्न : एका खासगी पार्टीत दोरीने बांधलेल्या मुलीचा पंजा लुळा पडलेला दिसला. मध्ये बोलावं का?

उत्तर : चालू खेळात प्रेक्षकाने बोलायचं नाही, दोरीला हात लावायचा नाही, हा नियम खराच. देखरेखीला नेमलेल्याच्या कानावर घालायचं. तो जवळ नसेल, तर बांधणाऱ्याला हळूच ‘पंजाकडे बघा’ म्हणा. असं सांगण्याचा जाणत्याला राग येत नाही. पंजा नुसता निळसर असेल तर दोरी सैल करायला थोडा वेळ असतो. पण मनगट वर उचलता येत नसेल किंवा अंगठ्यामागची जागा बधिर झाली असेल, तर दंडाच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दाबली गेलेली असते. अशा वेळी गाठी सोडवत बसू नये. बोथट टोकाची, रुग्णवाहिकेत असते तशी कात्री बांधणाऱ्याच्या हाताशी हवीच. त्या कात्रीने दोरी कापावी. तासाभरात पंजात ताकद आली नाही, तर डॉक्टरकडे जावं. हात कायमचा अधू झाला तर ‘तिची संमती होती’ हे कोर्टात पुरेलच असं नाही : भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मधलं संमतीचं संरक्षण, गंभीर दुखापत होण्याचा संभव करणाऱ्याला ठाऊक असेल, तर मिळत नाही.