बंद फोन आणि खिशातला कागद

प्रश्न : माझे यजमान ६८ वर्षांचे आहेत. हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्याने ते रक्त पातळ करणारी गोळी घेतात. गेल्या महिन्यात मासुंदा तलावाकाठी फिरताना त्यांना भोवळ आली. लोकांनी सावरले, परंतु फोन लॉक असल्याने मला निरोप मिळायला पाऊण तास लागला. त्यांच्या आजाराची माहिती अनोळखी माणसाला लगेच मिळावी म्हणून ती फोनमध्ये ठेवावी की कागदावर?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, दोन्हीकडे ठेवा, पण आधी कागद करा आणि तो आजच करा. फोन पडून फुटतो, बॅटरी संपते, गर्दीत तो भलत्याच्या हातात राहतो. कागदाला यातले काहीच आडवे येत नाही.

त्यावर काय लिहायचे, याचा विचार मात्र नीट करायला हवा. बहुतेक जण रक्तगट सर्वांत वर आणि ठळक लिहितात. तो असू द्यावा, पण रक्त देण्यापूर्वी रुग्णालय गट स्वतः तपासतेच. तुमच्या यजमानांच्या बाबतीत खरे मोल आहे ते गोळीच्या नावाला, तिच्या मात्रेला आणि ती रोज किती वाजता घेतली जाते याला. पक्षाघात झाल्यास गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा अंमल असताना तेच इंजेक्शन दिले गेले तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. डोक्याला मार लागला असेल, तर वरून जखम किरकोळ दिसली तरी डॉक्टर सीटी स्कॅन लवकर करून घेतात. अशा औषधाचा परिणाम उलटवण्याचे उपायही औषधागणिक निराळे आहेत. वॉरफॅरिन या जुन्या गोळीवर उतारा म्हणून व्हिटॅमिन ‘के’ चालते, नव्या गोळ्यांना ते चालत नाही. म्हणून ‘रक्त पातळ करणारी गोळी’ एवढेच लिहून भागत नाही. पाकिटावरचे मूळ औषधाचे नाव पाहून जसेच्या तसे उतरवा, केवळ कंपनीचे नाव नको. त्याखाली औषधांची ॲलर्जी, पेसमेकर किंवा स्टेंट असल्यास तसे, मधुमेह असल्यास इन्सुलिन घेतात की नाही, आणि हमखास फोन उचलणाऱ्या दोन व्यक्तींचे क्रमांक लिहा.

कागदाला लॅमिनेशन करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. अपघात विभागात काम करत असताना एका आजोबांच्या खिशात फार नेटके कार्ड सापडले होते. त्यावरची गोळी कित्येक महिन्यांपूर्वीच बंद झाली होती, हे त्यांची मुलगी फोनवर सापडली तेव्हा कळले. जे कार्ड बदलता येत नाही ते बदलले जात नाही. साधा कागद, प्लॅस्टिकची पिशवी आणि वर तारीख पुरे. डॉक्टरांनी औषध बदलले की त्याच दिवशी नवा कागद लिहावा.

आता फोनचे पाहू. आयफोनच्या ‘हेल्थ’ ॲपमध्ये ‘मेडिकल आयडी’ भरून ‘शो व्हेन लॉक्ड’ सुरू केले, की फोन लॉक असतानाही ‘इमर्जन्सी’वर जाऊन ती माहिती पाहता येते. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’मध्ये अशीच सोय असते. भरून झाल्यावर फोन लॉक करा आणि शेजाऱ्यांच्या हाती देऊन त्यांना ती सापडते का, ते पाहा. त्यांना सापडली नाही, तर रस्त्यावरच्या माणसालाही सापडणार नाही. लॉक असलेल्या फोनवरूनही ११२ लावता येतो, हे घरात सर्वांना ठाऊक असावे.

सोसायटीच्या रखवालदाराकडे आजारांची यादी ठेवू नये, असे माझे मत आहे. त्याच्या वहीत तुमचा आणि एखाद्या शेजाऱ्याचा क्रमांक असला म्हणजे झाले. घरी मात्र त्याच कागदाची दुसरी प्रत फ्रिजच्या दारावर लावा, कारण घाईत १०८च्या डॉक्टरांना औषधे सांगताना आपल्याच माणसांचीही गडबड होते.

आणि एक गोष्ट आधी पाहून घ्या. सकाळी फिरायला निघताना यजमान पाकीट घरीच ठेवतात का? बरेच जण ठेवतात. तसे असेल तर कागद पाकिटात नको. फोन आणि त्याचे पारदर्शक कव्हर यांच्यामध्ये, लिहिलेली बाजू बाहेरून वाचता येईल असा सरकवून ठेवा.