‘हिंदीत चालतं ना’ हे उत्तर झालं का?

प्रश्न असा आला आहे : ‘“काय करून राहिला?” हे मराठी बरोबर आहे का, असं मी विचारलं. उत्तर मिळालं, “हिंदीत ‘कर रहा है’ असतं की!” याला उत्तर म्हणायचं का?’

याला म्हणायचं दाखला देणं. शब्द अरबी-फारसीकडून आलेला, ‘दाखल’चा सख्खा भाऊ. (आमच्या नागपुरात याची एक गंमत आहे. हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्याच्या पोराला ‘दाखिला’ मिळाला की ते शाळेत जायला लागतं, आणि आपल्या पोराला दाखला मिळाला की त्याची शाळा सुटते.)

‘करून राहिला’चा अर्थ विचारला असता, तर हिंदीचा दाखला हे चोख उत्तर होतं. फोनवर मी ‘थांब, येऊन राहिलो’ म्हटलं की माझी पुण्याची आत्या हमखास विचारते, ‘कुठे राहिलास?’ तिच्या मराठीत येऊन राहणं म्हणजे मुक्काम. ‘आ रहा हूँ’ म्हटलं की तिला लगेच उमगतं.

पण तुम्ही विचारलंत ‘बरोबर आहे का?’ हिंदीत चालतं म्हणून मराठीत चालावं, असं कुठे आहे? शिवाय दाखला नीट जुळतही नाही. हिंदीत ‘रहा’ थेट धातूला लागतो : कर रहा, आ रहा. आपण ‘ऊन’ सोडत नाही : करून, येऊन.

महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी तीन अंगं असतात. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगून ग्रंथाचे संकलक केसोबास थांबत नाहीत; ती कशाला, कशी लागू पडते हे दार्ष्टान्तिकात येतं. तुम्हाला मिळालेल्या उत्तरात नेमकं तेच गळालंय.

आता मूळ प्रश्न. ‘करत राहिला’ म्हणजे करतच गेला, ‘करून राहिला’ म्हणजे आत्ता करतो आहे. इकडच्या बोलीत हा फरक पक्का आहे, पिढ्यान्‌पिढ्या लोक तसंच बोलतात, म्हणून बोलीत ते बरोबर. अर्जात ‘करत आहे’ लिहा. बर्डीवर, म्हणजे आमच्या नागपुरातल्या सीताबर्डीवर, मात्र कोणाला ‘काय करत आहेस?’ म्हणालात, तर तो आधी तुमचं गावच विचारून राहिला समजा.