दमट हवेतील प्रवासाचे कपडे

प्रश्न : मे महिन्यात आम्ही पुण्याहून कोची, अलप्पुळा आणि तिरुवनंतपुरमला जाणार आहोत. सामान कमी ठेवायचे, तर कपडे कोणते घ्यावेत?

उत्तर : जीन्स घरीच ठेवावी. पुण्याच्या कोरड्या उन्हात घाम चटकन उडतो, परंतु केरळच्या किनाऱ्यावर हवाच दमट असल्याने जाड सुती कापड घाम धरून ठेवते आणि रात्रभर दोरीवर टाकूनही शिवणींपाशी व खिशांच्या अस्तरात ओलसरच राहते. त्यापेक्षा मलमल किंवा विरळ विणीच्या लिननचे सैल कपडे घ्यावेत. रात्री धुऊन, कोरड्या पंचात गुंडाळून पिळले आणि पंख्याखाली टाकले, तर तीन जोड पुरतात. सुरकुत्या पडतील, त्या खुशाल पडू द्याव्यात! तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना मुंडू (केरळी पद्धतीचे लुंगीसारखे वस्त्र) नेसूनच आणि सदरा काढूनच प्रवेश मिळतो, तेव्हा एक मुंडू सोबत असावा.