फायबरच्या मॉडेल बोटीत पाणी शिरते: शाफ्टची नळी, स्ट्रट आणि सिलिकॉन

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: सुमारे ९० सेंटिमीटर लांबीची, विजेवर चालणारी, फायबरच्या हलची (हल म्हणजे बोटीचे बाहेरचे अंग) वेगवान बोट, दर वेळी पाण्यातून काढल्यावर आत अर्धी वाटी पाणी, शाफ्टची, म्हणजे मोटरपासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची, पितळी नळी पाच मिनिटांत सुकणाऱ्या इपॉक्सीने बसवली होती, ती आता बोटाने हलते, आणि स्ट्रट (शाफ्टच्या मागच्या टोकाला बाहेरून आधार देणारा भाग) व रडर (सुकाणू) यांच्या बोल्टभोवती थापलेले पांढरे सिलिकॉन कडेने सुटू लागले आहे. यावर सर्वांत पक्का गोंद कोणता, असे आपण विचारले आहे. माझ्या मते केवळ गोंद बदलून हे दुखणे जाणार नाही. एखादा भाग हलवर घट्ट धरून ठेवणे आणि त्याच्या कडेने पाणी आत येऊ न देणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी कडक आणि ताकदीचा जोड लागतो, दुसऱ्यासाठी थोडा लवचीक आणि पुढेमागे काढता येईल असा थर लागतो. आपल्या बोटीत पकडीचा भार सिलिकॉनवर पडला आहे, आणि जिथे खरोखर पकड हवी होती तिथे घाईचे इपॉक्सी वापरले गेले आहे.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी पाणी नेमके कुठून येते ते शोधावे. हल पूर्ण कोरडा करून नळीचे आतले टोक, ट्रान्समवरील (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीवरील) प्रत्येक नट, रडर फिरवणाऱ्या पुशरॉडचे (सळईचे) रबरी बूट आणि मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, म्हणजे कूलिंगच्या, नळ्यांचे जोड अशा प्रत्येक ठिकाणी टिश्यूपेपरचा वेगळा तुकडा चिकटवावा आणि बोट दोन-तीन मिनिटे चालवून कोणता तुकडा आधी भिजतो ते पाहावे. घरी करण्याजोगी चाचणी उलट बाजूने होते: इलेक्ट्रॉनिक्स काढून हलच्या मागच्या भागात बोल्ट बुडतील एवढे पाणी ओतावे, बाहेरची बाजू कोरडी पुसावी आणि स्ट्रट हाताने किंचित हलवत राहावे. काही गळती बोट स्थिर असताना दिसतच नाही, स्ट्रटवर ताण आला की फट उघडते आणि मगच थेंब फुटतो. कूलिंगची गळती तर फक्त पाणी वाहत असतानाच होते. तिच्यासाठी सिलिकॉन नळीचे एक टोक बंद करून दुसऱ्यातून हवा फुंकावी आणि मोटरच्या जॅकेटवर (तिच्याभोवतीच्या पाण्याच्या आवरणावर) व ईएससीच्या (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या सर्किटच्या) निपलवर, म्हणजे नळी जोडण्याच्या तोटीवर, साबणाचे पाणी लावावे. हलच्या सांध्यांना विनाकारण दोष दिला जातो आणि पाणी मात्र या निपलवरून येत असते, असे पुष्कळदा घडते. आणखी एक गोष्ट: काही वेगवान बोटी उलटल्यावर आपोआप सरळ व्हाव्यात म्हणून त्यांच्या एका बाजूला पाणी भरणारा कप्पा मुद्दाम ठेवलेला असतो. त्या कप्प्यातले पाणी ही गळती नव्हे, पण त्याची आतली भिंत मुख्य हलला जिथे मिळते तो सांधा अवश्य तपासावा.

शाफ्टच्या नळीबाबत दोन वेगळे प्रश्न नेहमी एकत्र गुंततात. पाणी नळीच्या बाहेरून, म्हणजे नळी आणि हल यांच्या सांध्यातून येते की नळीच्या पोटातून चढून येते? नळीचे आतले टोक तात्पुरते चिकटपट्टीने बंद करून बोट बॅटरीसह पाण्यात सोडावी. तरीही आजूबाजूला ओल दिसली तर सांधा गेला आहे. पट्टी असताना हल कोरडा राहिला आणि पट्टी काढताच पाणी आले, तर नळीचे आतले टोक पाण्याच्या पातळीच्या खाली आहे, आणि त्याला कोणताही गोंद उपाय नाही. नळी आतल्या बाजूने पाण्याच्या रेषेच्या वर येईल एवढी लांब घ्यावी आणि ती जलरोधक ग्रीसने भरावी. लवचीक शाफ्ट असेल तर प्रत्येक वापरानंतर तो बाहेर काढून पुसावा आणि पुन्हा ग्रीस लावावे. जुने ग्रीस पाण्यात मिसळून दुधाळ झालेले दिसले, तर बदलायला उशीर झाला आहे असे समजावे. रडरच्या उभ्या नळीलाही वरचे टोक पाण्याच्या रेषेच्या वर असण्याचा हाच नियम लागू होतो.

आपली नळी हलते याचा अर्थ बाहेरचा सांधा निश्चित गेला आहे. पाच मिनिटांचे इपॉक्सी हे जागा पकडून ठेवण्याचे साधन आहे. त्याला दीर्घकाळ पाण्याचा संपर्क सोसत नाही, ते उष्णतेने लवकर मऊ पडते आणि शाफ्टच्या सततच्या थरथरीने पितळापासून सुटते. तो सांधा वरून आणखी लेप देऊन वाचवू नये. नळीत टेफ्लॉनचे अस्तर असल्यास ते आधी ओढून काढावे, मग नळीच्या टोकाला सोल्डरिंग आयर्न लावून पितळ तापवावे. पितळ उष्णता झटकन पुढे नेते, इपॉक्सी मऊ पडते आणि नळी फिरवत बाहेर येते. हलचे फायबर जळू नये म्हणून हे काम थांबत थांबत आणि खिडकी उघडी ठेवून करावे.

नवीन नळी बसवताना सर्वांत जास्त वेळ तयारीवर खर्च करावा. हलमध्ये नळीसाठी असलेल्या खाचेभोवती आतून दोन-तीन सेंटिमीटरचा पट्टा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने इतका घासावा की कुठेही चकाकी उरणार नाही. नळीही तशीच आडवी-तिरपी घासावी. घासलेले पितळ हवेत पुन्हा काळवंडू लागते, म्हणून घासणे, ॲसिटोनने पुसणे आणि चिकटवणे ही कामे एकाच बैठकीत व्हावीत. घरातले नेलपॉलिश काढण्याचे द्रव ॲसिटोनऐवजी वापरू नये, कारण त्यात बहुधा तेल व सुगंध मिसळलेले असतात. मग शाफ्ट नळीत घालून तो मोटरच्या कपलरला (मोटर व शाफ्ट जोडणाऱ्या भागाला) जोडावा आणि हाताने फिरवून पाहावा. कुठेही अडखळ न होता तो फिरला की ज्याला आपण सगळेच फेविक्विक म्हणतो त्या सायनोॲक्रिलेटचे दोन-चार थेंब टाकून जागा पक्की करावी. सायनोॲक्रिलेट ठिसूळ असते आणि सोलून निघणाऱ्या ताणाला टिकत नाही, त्यामुळे त्याचे काम एवढेच.

यानंतर बाहेरून खाचेवर चिकटपट्टी लावून सावकाश सुकणारे इपॉक्सी घ्यावे. फायबरचे सामान विकणाऱ्या दुकानात लॅमिनेशनचे, म्हणजे फायबर कापडाचे थर चिकटवण्याचे, इपॉक्सी मिळते. त्यांपैकी एलवाय ५५६ (रेझिन) आणि एचवाय ९५१ (ते कडक करणारा हार्डनर) ही जोडी वजनाने १०० ला १० या प्रमाणात मिसळतात. प्रमाण अंदाजाने न घेता छोट्या काट्यावर मोजावे, कारण जास्त हार्डनर घातल्याने इपॉक्सी जास्त पक्के होत नाही, उलट मऊसर आणि कमजोर राहते. प्रथम पातळ इपॉक्सी ब्रशने दोन्ही पृष्ठभागांवर चोळून लावावे, मग उरलेल्यात सिलिका पावडर मिसळून ते दाट लोण्यासारखे झाले की नळीच्या दोन्ही बाजूंनी सहा-आठ मिलिमीटरची गोलाकार बैठक घडवावी. ती पूर्ण कडक होण्यापूर्वी तिच्यावर फायबर कापडाच्या दोन पट्ट्या पातळ इपॉक्सीत भिजवून बसवाव्यात. नळीचे आतले टोक अधांतरी ठेवू नये, प्लायवूडचा छोटा आधार देऊन तोही याच वेळी चिकटवावा. आधार नसलेली लांब नळी थरथरते आणि उत्तम सांधाही कालांतराने तोडते. दुसऱ्या दिवशी बोट हाताळता येते, पण पूर्ण ताकद यायला साधारण आठवडा जातो.

त्याच दुकानात पॉलिस्टर रेझिनही मिळते आणि दुकानदार बहुधा तेच पुढे करतो. आपला हल पॉलिस्टरचा असला तरी त्यावर इपॉक्सी चांगले धरते. उलट, सुकलेल्या इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट धरत नाही, म्हणून एकदा इपॉक्सी वापरले की पुढची दुरुस्तीही इपॉक्सीनेच करावी. तरीही पॉलिस्टर घेतलेच, तर त्यासोबत मिळणारे कोबाल्ट आणि एमईकेपी हे रेझिन सुकवणारे दोन द्रव कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत, त्यातून भडका किंवा स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच एमईकेपी घालतात.

हवामानाचा हिशेबही ठेवावा लागतो. उन्हाळ्यात इपॉक्सीचा वाटीतला कामाचा वेळ झपाट्याने घटतो, म्हणून थोडे थोडे मिसळावे आणि खोल वाटीऐवजी पसरट झाकणात ठेवावे. पावसाळ्यात सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट, चिकट साय येऊ शकते. ती सॉल्व्हंटने पसरवण्याऐवजी आधी साध्या पाण्याने धुवावी आणि मगच पॉलिश पेपर लावावा, नाही तर वरचा थर पापुद्र्यासारखा निघतो. घरच्या तापमानाला सुकलेले बहुतेक इपॉक्सी ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत एवढे तापमान सहज होते, त्यामुळे तळ्यावर नेताना बोट डिकीत तासन्‌तास ठेवणे हेही सांधे सुटण्याचे एक कारण आहे.

आता ट्रान्समकडे. तिथले सिलिकॉन सुटण्यात नवल नाही, कारण स्ट्रटला आणि रडरला मिळणारा प्रत्येक धक्का ते एकटे झेलत होते. प्रथम जुने सिलिकॉन पूर्ण काढावे. सुरुवातीलाच पॉलिश पेपर लावला तर तो सिलिकॉनचा अदृश्य थर आजूबाजूला चोपडतो आणि मग त्या जागेवर इपॉक्सीही धरत नाही, रंगही धरत नाही. ब्लेडने खरवडून, प्लास्टिकच्या पट्टीने रगडून सगळे निघाले की मगच घासावे. जागा स्वच्छ झाली की नाही हे पाण्याच्या थेंबाने कळते: स्वच्छ, घासलेल्या फायबरवर पाणी सलग पातळ पडद्यासारखे पसरते, सिलिकॉन उरले असेल तर ते तुटून थेंबाथेंबाने गोळा होते.

आतून ट्रान्समला सहा मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लायवूड सर्व बाजूंनी इपॉक्सी पाजून चिकटवावा. पुढची पायरी बरेच जण गाळतात, पण मला ती या सगळ्या कामात सर्वांत मोलाची वाटते. एम ४ बोल्टसाठी थेट ४ मिलिमीटरचे भोक न पाडता आधी प्लायवूडमध्ये ७-८ मिलिमीटरचे भोक पाडावे, ते दाट इपॉक्सीने पूर्ण भरावे आणि सुकल्यावर त्याच्या मध्यातून ४ मिलिमीटरचे भोक घ्यावे. आता बोल्टच्या बाजूने एखादा थेंब आत आलाच तरी त्याला लाकूड भेटत नाही, घट्ट इपॉक्सीची नळीच भेटते. भिजलेले लाकूड फुगते, कुजते आणि मग कितीही आवळले तरी बोल्ट ढिलाच राहतो.

भोकाचे बाहेरचे तोंड मोठ्या ड्रिलने हाताने फिरवून किंचित बशीसारखे करावे. त्या बशीत सीलंट साठते आणि बोल्ट आवळल्यावर त्याची गोल कडी तयार होते. येथे सिलिकॉन योग्य आहे, पण न्यूट्रल प्रकारचे. ज्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडते आणि बंद हलमध्ये तांब्याच्या तारा व कनेक्टर त्याने हिरवे पडतात. पॉलियुरेथेन सीलंटही पाणी अडवते, मात्र ते इतके चिकटते की पुढे स्ट्रट काढताना हलचा वरचा थर सोबत येऊ शकतो, म्हणून वारंवार काढाव्या लागणाऱ्या भागांसाठी मी ते सुचवणार नाही. स्ट्रटच्या मागे आणि बोल्टच्या डोक्याखाली सीलंट लावून पहिल्यांदा हलकेच आवळावे, अर्ध्या मिलिमीटरची गादी मध्ये राहू द्यावी, आणि दुसऱ्या दिवशी नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज ढिला न होणारा नट) पाव फेरी अधिक घट्ट करावा. त्या वेळी ॲलन कीने बोल्ट स्थिर धरून फक्त आतला नट फिरवावा, कारण बोल्ट फिरला की नुकतीच बनलेली कडी फाटते. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत सुकते, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. त्यामुळे जाड गोळा वरून सुकलेला दिसला तरी आत ओलाच असतो.

पाणी घेणारा पिकअप आणि बाहेर सोडणारा निपल यांनाही हीच पद्धत चालते. त्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेला वॉशर लावला तर सीलंट अगदी थोडे पुरते. पुशरॉडचे बूट कडक किंवा चिरलेले दिसले की सरळ बदलावे. झाकणाला चांगली रुंद पारदर्शक टेप प्रत्येक वेळी नवीन लावावी. पुढे कधी एबीएसचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) हल घेतलात तर तिथे ॲसिटोन वापरू नका, ते प्लास्टिकच विरघळवते. तिथे पॉलिश पेपर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरेसे आहे.

कोकणात किंवा गोव्यात खाडीच्या पाण्यात बोट सोडणार असाल तर स्टीलचे बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा स्ट्रट यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत. खाऱ्या पाण्यात या दोन धातूंच्या संपर्कात ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजते. परतल्यावर सगळे गोड्या पाण्याने धुवावे, कूलिंगच्या नळ्या आतूनही.

सर्व काम झाल्यावर नाकाकडच्या रिकाम्या जागेत बंद पेशींचा पॉलिथिलीन फोम भरावा, म्हणजे पाणी शिरले तरी बोट तळाला जाणार नाही. थर्माकोल स्वस्त असला तरी आतल्या कामात ॲसिटोन किंवा पॉलिस्टर रेझिन वापरायचे असेल तर तो टाळावा, कारण दोन्ही त्याला विरघळवतात.